अक्कांची धाप

अक्का धावताना गप्पा मारायच्या आणि आपल्यालाही बोलायला लावायच्या. बोलता बोलता वाक्य तुटलं की म्हणायच्या, “हळू हो, कण्णा, बाळा. कोण मागें लागलें आहे?” तांबरमच्या शाळेतून पीटी टीचर म्हणून निवृत्त झाल्यावर वेलचेरीतल्या आमच्या वसाहतीतल्या बायकांना त्या रोज सकाळी तळ्याकाठी पळायला शिकवत. तंजावरकडची त्यांची जुनी मराठी तमिळ हेलात यायची. नाशिकहून या तमिळ मुलखात नोकरीसाठी आलेल्या मला ती ऐकायलाच आधी जावंसं वाटलं.

पहिल्या दिवशी मी धापा टाकत बसले, वर ओशाळले. अक्का शेजारी टेकल्या. “त्यांत लाज कसली? हृदय आणि फुप्फुसें ह्या एका घरांतल्या जावा. एक हवा ओढून आणत्ये, दुसरी ती रक्तांतून पायांस पोंचवित्ये. पायांनीं जास्त मागितलें की दोघींची धांदल. पण तूं थांबलीस की दोघींनीं शांत व्हावें. झाल्या नाहींत, तर मात्र घरांत कांहीं बिघडलें आहे.”

गेल्या वर्षी त्यांच्याच घरात बिघडलं. स्टेशनजवळच्या पुलाचा चढ चढताना त्या कठडा धरून उभ्या राहिल्या. बाकावर बसून बराच वेळ झाला तरी श्वास खाली येईना. “हें वयाचें नव्हे,” त्या म्हणाल्या.

त्यांचा मुलगा त्यांना जवळच्या दवाखान्यात घेऊन गेला. मीही बरोबर होते. डॉक्टरांनी सगळे प्रश्न मुलाला विचारले. घरी एकट्या असतात का, झोप लागते का, काळजी फार करतात का. अक्का म्हणाल्या, “माझें शरीर मी ओळखत्यें. छातीस नळी तरी लावून पाहा.” डॉक्टर मुलाकडे बघून हसले. टेन्शन आहे म्हणाले, झोपेच्या गोळ्या लिहून दिल्या आणि या वयात धावायचं कशाला, असंही विचारलं. मुलाचा जीव भांड्यात पडला. “अम्मा, डॉक्टरपेक्षा तुला जास्त कळतं का?”

अक्कांनी धावणं सोडलं. पुढे जिना चढवेना, पाय सुजले, उशांना टेकून झोपावं लागायचं. मग मोठ्या हॉस्पिटलात नेलं. हृदयाची एक झडप आखडली होती, रक्त पुढे जायचं ते फुप्फुसांत तुंबत होतं. लवकर आणलं असतं तर ऑपरेशन करता आलं असतं, आता हृदय फार थकलंय, असं तिथल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. मुलगा शेजारीच उभा होता, पण अक्का माझ्याकडे वळून म्हणाल्या, “सांगितलें होतें कीं नाहीं मी?” त्यात विचारणं नव्हतं, चीड होती. त्यानंतर त्या मुलाशी फारशा बोलल्या नाहीत. महिन्याभरात गेल्या.

तेराव्याला नातेवाईक म्हणत होते, “एवढं धावून काय मिळालं? धावण्यानंच गेली.” मी म्हटलं, झडप खराब होती, आणि ती त्यांना सगळ्यांच्या आधी कळली होती. मुलगा हळूच म्हणाला, “मॅडम, आता ते कशाला?”

त्याच आठवड्यात वसाहतीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्याचा संदेश आला. बायकांनी उतारवयात धावू नये, माझ्या आईवरून शहाणे व्हा. खाली एकामागून एक जोडलेले हात येत गेले. ते पाठवणाऱ्यांतल्या बहुतेकींना धावायला अक्कांनीच शिकवलं होतं.