गेटबाहेरचा गोल्फ

"आत्ताची सावली काय कामाची, मॅडम? येणारी बघायची."

गाडी कुठेही न्या, काका आधी उतरायचे. कपाळावर हात आडवा धरून सूर्याकडे बघायचे, मग जमिनीकडे बघायचे आणि बाकीच्या गाड्या झाडाखाली दाटीवाटीनं उभ्या असताना आपली गाडी खुशाल रणरणत्या उन्हात लावायचे. इतर ड्रायव्हर हसायचे. बारानंतर त्यांच्या गाड्यांची सीट तव्यासारखी तापायची आणि आमची गाडी गार सावलीत. काकांचा अंदाज चुकलेला मी कधी पाहिला नाही.

अंबरनाथला एमआयडीसीत आमचा रबरी सील बनवायचा कारखाना आहे. मी तिथलं ऑफिस सांभाळते. काका साहेबांची गाडी चालवायचे. ते खरवईचे, शेतकरी घरातले. "मी भात लावायचो तिथं आता लिफ्ट हाय," असं कुठलीही तक्रार नसल्यासारखं सांगायचे. साहेब उल्हासनगरचे सिंधी, शिपायापासून इन्स्पेक्टरपर्यंत सगळ्यांना 'साईं' म्हणणारे, आणि गोल्फचे वेडे. एका रविवारी खाडीकाठचं मैदान, पुढच्या रविवारी कर्जतच्या पलीकडचं, डोंगरावरचं. दोन्ही नावाजलेली. त्यांतलं चांगलं कुठलं यावरून साहेबांच्या मित्रांत दोन तट होते, आणि ही माणसं एरवी शहाणी होती.

काका पंधरा वर्षं दोन्हीकडे गेले. गेटच्या आत मात्र एकदाही नाही.

"आत असतं काय हो?" मी एकदा विचारलं.

"गवत," काका म्हणाले. "आणि साहेब."

मग साहेबांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी खेळायला परवानगी दिली, पण दगदग कमी करा म्हणाले. मुलानं सांगितलं, पप्पा, दोनातलं एकच ठेवा. साहेबांना ठरवता येईना. मला बोलावून म्हणाले, "मॅडम, एक तक्ता बनाओ. दोन्हीचे प्लस-मायनस. सोमवारी मीटिंगमध्ये बघू."

मी गोल्फची काठी हातात धरलेली नाही. दोन्ही क्लबांची माहितीपत्रकं मागवली. दोन्हीकडे अठरा खड्डे. दोन्ही निसर्गरम्य. दोन्ही आव्हानात्मक. एवढ्यावर तक्ता होत नाही. शेवटी काकांना समोर बसवलं.

"सावलीपासून लिवा," ते म्हणाले. "खाडीवर तीन मोठे शिरीष. डोंगरावर एक नाय. पत्र्याची शेड हाय, तिच्यात बसलं तर माणूस शिजतो."

"पुढे?"

"चहा. खाडीवर गेटसमोरच टपरी, आलं ठेचून घालतो. डोंगरावर चहाला खाली गावात जावं लागतं. परत वर आलं की घाम पुसत पाणीच प्यायचं. कुत्री लिवा. खाडीवर तीन, वळखीची. डोंगरावर एकच, पण त्याला माझा संशय हाय."

"आणि माणसं?"

"खाडीवरचा वॉचमन काका म्हणतो. डोंगरावरचा 'ए ड्रायव्हर'."

मी सगळं टाइप करत होते. यातून एक नीट, सभ्य तक्ता करायचा असं मनात होतं. खाडीवर काकांचे तीन सोबती होते, वेगवेगळ्या साहेबांचे ड्रायव्हर. चौघांचा मेंढीकोटचा डाव पंधरा वर्षं चालला होता. आठवडाभर काका त्या डावाबद्दल बोलायचे. घरच्या लग्नाची तारीखही त्यांनी तो रविवार टाळून धरली होती.

"म्हणजे खाडीच," मी म्हटलं.

काकांनी किल्ली बोटाभोवती फिरवली.

"नाय. डोंगर लिवा."

"अहो, आत्ताच तर..."

"ते माझं झालं. खेळायला मी जातो काय?" ते म्हणाले. "खाडीवर सगळे धंदेवाले. साहेब बाहेर येतात ते फोन कानाला लावून. दार आपटतात. उल्हासनगर येईपर्यंत शब्द नाय. डोंगरावरनं येतात तेव्हा बूट हातात, मोज्यांना गवत. वाटेत कणीस खातात. माझ्या पोरांची चौकशी फक्त त्याच रस्त्यावर केलीय त्यांनी. आणि बदलापूर यायच्या आत घोरतात. ऑपरेशन झालेल्या माणसाला झोप नको?"

"आणि तुमचा डाव?"

"तिघं उरतील. शोधतील चौथा."

एवढं बोलून ते गाडी धुवायला गेले. त्या दिवशी त्यांनी गाडी दोनदा धुतली.

कच्चा कागद कुठला आणि पक्का कुठला, यात माझी चूक होत नाही. त्या सोमवारी झाली, फाइलमध्ये कच्चाच गेला. मीटिंगमध्ये साहेबांच्या मुलानं फाइल उघडली आणि मोठ्यानं वाचलं, "कुत्री. खाडी, तीन, ओळखीची. डोंगर, एक, संशय आहे." सगळे हसायला लागले. मी पंख्याकडे बघत बसले. साहेबांनी कागद ओढून घेतला. शेवटच्या ओळीला मी नाव दिलं होतं 'परतीचा प्रवास'. ती त्यांनी दोनदा वाचली, कागदाची घडी घालून खिशात ठेवली आणि म्हणाले, "डोंगर."

संध्याकाळी गाडीत बसताना त्यांनी काकांच्या खांद्यावर हात ठेवला. "साईं, तेरी चाय गई."

"थर्मास हाय, साहेब."

पुढे दर रविवारी डोंगर. काका थर्मास आणि एक घडीचं स्टूल घेऊन जायचे. खाडीच्या शेवटच्या फेरीला त्यांनी शिरीषाच्या शेंगा गोळा केल्या होत्या. घरी तेलाच्या डब्यात रोप वाढवलं आणि डोंगरावर पार्किंगपाशी नेऊन लावलं. गाडीतल्या कॅनमधून पाणी घालायचे.

"सावली कधी पडणार त्याची?" मी विचारायची.

"येईल की. घाई आपल्याला, झाडाला काय."

मग मोतीबिंदू झाला, गाडी सुटली. दोन वर्षांपूर्वी काका गेले. मी रडणाऱ्यातली नाही. त्यांच्या घरी जाऊन पीएफचे फॉर्म भरून दिले.

या मार्चमध्ये साहेबांचा पंचाहत्तरावा वाढदिवस त्या डोंगरावरच्या क्लबात झाला. मी माझी गाडी घेऊन तीनच्या सुमारास पोचले. शिरीष चांगलाच पसरला होता. काका आपली स्टूल टाकायची जागा नेहमी सांगायचे, भिंतीलगत, दिव्याच्या खांबापाशी. ती जागा भर उन्हात होती. मला वाईट वाटलं. आयुष्यात एकच सावली चुकली, आणि तीही स्वतःची.

मग सावली कुठे पडलीय ते पाहिलं. ती गेटवर होती. वॉचमन जिथे दिवसभर उभा असतो, बरोबर तिथे. त्यानं तिच्यात खुर्ची टाकली होती. पायाशी एक म्हातारं कुत्रं झोपलं होतं.

मी गाडी मागे घेत होते. वॉचमन खुर्चीवरून उठला.

"मॅडम, जरा पुढे घ्या, बुंध्याला लागेल," तो म्हणाला. "काकांचं झाड आहे."