मिरेयच्या नावाचं पीप

दक्षिण फ्रान्समधल्या आमच्या गास्कनीत मुलगी जन्मली की त्या सालच्या आर्मान्याकचं, म्हणजे आमच्या ब्रँडीचं, एक पीप तिच्या नावाने बाजूला ठेवतात आणि तिच्या लग्नात उघडतात. मिरेय जन्मली तेव्हा ओदिलोन कास्तेंनेही ठेवलं. उघडायचं मात्र त्याच्या जिवावर आलं.

ओदिलोनकडे वडिलोपार्जित द्राक्षमळा होता, झोपेतही न उतरणारी बेरे टोपी होती आणि स्वतःच्या नाकाविषयी अफाट आदर होता. हिवाळ्यात भट्टीची गाडी दारोदार फिरायची, तेव्हा हा भट्टीवाल्यालाच दारू गाळायला शिकवायचा. तोही निमूट ऐकायचा, कारण ओदिलोनची बायको सिमोन बदक फार झकास भाजायची.

मिरेयचं लग्न ठरलं ते कोन्याक गावच्या तिएरीशी. ब्रँडी तिकडचे लोकही करतात, पण आमच्या लेखी ते नुसते व्यापारी. ओदिलोनला आयतं निमित्त मिळालं. "कोन्याकवाल्याच्या घशात माझी आर्मान्याक ओतू होय?" म्हणत त्याने वऱ्हाडाला आदल्या हिवाळ्याची घसा खरवडणारी दारू पाजली. मिरेय नवरीच्या पोशाखातच कोठारापर्यंत गेली, दाराचं कुलूप पाहिलं आणि परत येऊन नाचली. बापाला तिने काही विचारलं नाही. पोरगी समजूतदार आहे, असं ओदिलोनला वाटलं.

नातवाच्या बाप्तिस्म्याला "अजून मुरायचीय" झालं. तिएरी पन्नाशीचा झाला तेव्हा तर विषयच नको. ब्रँडी लाकडात गरजेपेक्षा जास्त राहिली की तिचा जोर उडून जातो आणि ती कडवट होते, म्हणून माणसं ती वेळेत काचेच्या बुधल्यांत भरून ठेवतात. हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. ओदिलोनचं म्हणणं, काच औषधाला ठीक. दर रविवारी चर्चहून आला की तो एकटाच पीप "तपासायला" जायचा आणि लाल नाकाने परतायचा. पीप खाली चाललंय हे त्यालाही दिसे, पण लाकडातून उडते ती देवदूत पितात असं आम्ही म्हणतोच, तेव्हा आळ घ्यायला देवदूत होतेच.

"अहो, तुमचे देवदूत दुपारभर माझ्याच पलंगावर घोरत असतात," सिमोन म्हणायची.

शेवटी मिरेयनेच फोन केला. "बाबा, मला पन्नासावं लागतंय. या वेळी पीप उघडणार असाल तर येते. नाही तर येत नाही, यापुढेही नाही." ओदिलोन आठवडाभर धुसफुसला. एकुलती लेक तुटेल या भीतीने त्याला झोप येईना, हे खरं. पण उघडायचंच तर बघायला माणसं हवीत, म्हणून त्याने अख्खं गाव जेवायला बोलावलं.

ओदिलोनने पिपावर हात ठेवून लांबलचक भाषण ठोकलं, मग पेले भरले, तेही तळाशी बोटभर. ब्रँडी काढ्यासारखी काळी निघाली. पाद्रीबाबांनी घोट घेतला आणि ते रुमाल शोधू लागले. तिएरीने खिशातून दारूचा जोर मोजायची काचेची मापकाठी काढून पिपात सोडली; कोन्याकवाले ती जपमाळेसारखी जवळ बाळगतात. "छत्तीस टक्के," तो हळूच म्हणाला. चाळीसच्या खाली गेली की कायद्याने तिला आर्मान्याक म्हणता येत नाही. गास्कनीत हे कोन्याकच्या जावयाने सांगावं, यापरतं मरण नाही.

ओदिलोन देवदूतांविषयी काहीतरी पुटपुटला. कुणी हसलंसुद्धा नाही, आणि तेच त्याला जास्त लागलं.

मिरेयने मात्र पेला शांतपणे संपवला. "बाबा, चव ओळखीची आहे," ती म्हणाली. "लग्नाच्या दिवशी त्या कुलपासमोर माझ्या तोंडात हीच कडू चव आली होती."

तिने पेला पुन्हा पुढे केला. जन्मभर राखलेली ती दारू आता फुकट वाटायच्याच लायकीची उरली होती. त्याने लेकीचा पेला काठोकाठ भरला.