दादाचे नऊ गुरुवार

सत्तरच्या दशकात आमच्या सोलापुरात कुणाचं मन बिघडलं तर उपाय दोनच. आधी अंगारा, नाही लागू पडला तर पुण्याचं इस्पितळ. तिसरा मी हुडकला, असं मी चाळीत अडीचशे वेळा तरी सांगितलं असेल. दवाखान्यात मनाचे एक डॉक्टर आले होते, जपानच्या मठात ध्यानाला बसायला शिकलेले. गोळी नाही, सुई नाही. डोळे मिटायचे, श्वास मोजायचे, दहा झाले की पुन्हा एक.

वहिनी गेल्यापासून दादा बोलेनासा झाला होता. भिंतीकडे तोंड करून बसायचा. दर गुरुवारी मी त्याला दवाखान्यात न्यायचो. डॉक्टर हळू आवाजात सांगत जायचे, दादा दगडासारखा बसायचा. नाकावर माशी बसली तरी हलायचा नाही. (चाळीत सांगताना तिची गांधीलमाशी झाली.) वेळ संपली की मी त्याचा गुडघा हलवायचो.

"कसं वाटतंय?" डॉक्टर त्याला विचारायचे. दादाच्या आधी मीच, "लई फरक हाय सायेब! काल तर बसल्या जागी वीतभर वर तरंगला की!"

डॉक्टर हसायचे. मीही.

नवव्या गुरुवारी मी तापानं पडलो, दादा एकटाच गेला. अंधार पडायच्या सुमाराला डॉक्टर त्याला सायकलच्या कॅरिअरवर बसवून घेऊन आले.

"डोळे उघडा म्हणून दहादा सांगितलं. यांना ऐकूच येत नाही, हे तुम्ही कधी बोलला नाहीत!"

त्यात बोलायचं काय? कापडाच्या मिलमध्ये विणायच्या साच्यांच्या खडखडाटात बावीस वर्षं काढलेल्या कुणाला ऐकू येतं? आम्ही ओठ बघून बोलतो, घरीसुद्धा. मीही त्यातलाच. डॉक्टरांचं मला कळायचं, कारण माझे डोळे उघडे असायचे.

मी दादापुढं बसलो. "मग नऊ आठवडं करत काय हुतास?"

"तू डोळं मिट म्हनलास, मिटलं. मिटलं की ती दिसायची, शेवटच्या दिवशीची. तू गुडघा हलवस्तवर बघत बसायचो."

"मग सांगायचं की, दादा!"

"तू लई फरक हाय म्हनायचास. तुजं ओठ दिसत हुतं मला."

डॉक्टर म्हणाले, "पुढच्या गुरुवारी डोळे उघडे ठेवून बसू."

दादाला ते कळलं नाही. तो भिंतीकडे वळला होता.