मोटरीचं तेल
करपलेल्या तेलाच्या वासाने मला तो चैत्र आठवतो. लढाईच्या दिवसांत नरडाण्याजवळच्या आमच्या घरी जर्मन मोटरगाडी होती, पण तिला मानवणारं तेल मिळेनासं झालं होतं. माझ्या भावाने खटपट करून भुसावळहून तेलाचा डबा आणि तेल गाळायची नवी जाळी पाठवली. थोरल्या दिरांनी या दोन्ही वस्तू आपल्या मुलाच्या वरातीसाठी कुलपात ठेवल्या आणि इंजिनात कापसाच्या जिनातल्या यंत्राचं तेल ओतलं. मी दाराआडून दिरांना म्हटलं, "भाऊ, ते मोटरले चालत नही." ते हसले, "तेल बठ्ठं सारखंच शे! बाईमाणूसले काय समजस?" आठवड्याने धाकट्या जावेला कळा लागल्या. मूल आडवं होतं, म्हणून सुईणीने धुळ्याला न्यायला सांगितलं. भर उन्हात, अर्ध्या वाटेवर इंजिन धूर ओकत बंद पडलं. बैलगाडीने दवाखाना गाठला तेव्हा जाऊ वाचली, बाळ गेलं. घरी येताच मी वरवंट्याने कुलूप फोडलं आणि ज्यांच्यासमोर कधी पदर ढळू दिला नव्हता, त्या दिरांच्या पायांशी डबा रिकामा केला. "आते काढा वरात!" मी ओरडले. त्यांनी मान खाली घातली, पण चुकलं असं मरेपर्यंत म्हटलं नाही. मीही त्यांना अजून माफ केलेलं नाही.