निघण्याची तारीख विचारणारे इनामदार

"परत कधी जाणार?"

पुण्यात शिकायला आलेला परदेशी विद्यार्थी समोर येऊन बसला, की इनामदार हवालदार त्याला पहिला प्रश्न हा विचारत. तोही त्यांच्या खास इंग्रजीत, वहीवरून मान न उचलता. मी तेव्हा एका कॉलेजात कारकून होते. बाहेरदेशाहून आलेल्या मुलांना पोलिसांच्या नोंदणी कचेरीत घेऊन जाणं हे माझं काम. टांझानियाहून दोनच दिवसांपूर्वी आलेल्या नीमाचा चेहरा हा प्रश्न ऐकून एवढासा झाला.

"अहो, आत्ताच आलीये ती," मी म्हणाले.

"आलेली दिसतेय मला. गेलेलं कुणी दिसत नाही, म्हणून विचारतो."

इनामदार जाऊन आता बरीच वर्षं झाली. उंच, किंचित पोक काढून चालणारे. घर नारायण पेठेत, तीन पिढ्यांपासूनचं. त्यांची तक्रार मला हळूहळू समजली. येणारा माणूस त्यांच्यापुढे येऊन सही करी. जाणारा मात्र दुसऱ्याच शहरातून विमानात बसे आणि तो गेल्याचा कागद यायला महिने लागत, कधी यायचाच नाही. "कागदावर हे सगळे अजून पुण्यात आहेत," ते वही थोपटून म्हणत. "एवढ्यांना खोल्या कुणी दिल्या, तेवढं फक्त सांगा." मग ते घरमालकांना पत्रं लिहीत, कॉलेजांना फोन करीत आणि एकेक नाव पुरं करीत.

मला हे पटत नसे. माझा भाऊ त्याच सुमारास संगणकाच्या नोकरीवर अमेरिकेला गेला होता. "त्याच्या मागे तिथलं सरकार असं लागलं, तर आम्हाला आवडेल का?" मी एकदा चिडून विचारलं.

"लागू दे की. उद्या तिकडे तो सापडेनासा झाला, तर 'आमच्याकडे होता' एवढं तरी कुणीतरी सांगायला नको?"

हसन आमच्याच कॉलेजातला, सुदानचा. एका जूनमध्ये त्याची राहण्याची मुदत संपली आणि तो दिसेनासा झाला. मित्र म्हणाले, घरी गेला. कॉलेजने नाव कमी केलं. मी इनामदारांना म्हटलं, "गेला तो. लिहून टाका."

"जाताना पाहिलं कुणी?"

कुणीच पाहिलं नव्हतं. पुढच्या रविवारी, सुट्टीच्या दिवशी, त्यांनी मला स्कूटरवर मागे बसवलं. "तुम्हाला ओळखतो तो. माझ्याकडे बघून पळेल." सदाशिव पेठेतल्या घरमालकांनी दार अर्धंच उघडून सांगितलं, "सामान घेऊन गेला. कुठे, ते आम्ही विचारत नाही." खाली इस्त्रीवाल्याने मात्र त्याच्या सामानाचा टेम्पो कात्रजला गेल्याचं सांगितलं. तिथे तासभर विचारत फिरल्यावर एका गॅरेजच्या मागे पत्र्याची खोली सापडली.

हसन जमिनीवर पडून होता. डोळे हळदीसारखे पिवळे, हाताच्या काड्या झालेल्या. इनामदार साध्या कपड्यांत होते, तरी त्यांना ओळखून तो भिंतीकडे सरकू लागला.

"लेटा रह, बेटा," इनामदार त्याच्याजवळ उकिडवे बसले. "कितने दिन से ऐसा है?"

बावीस दिवस. दोनदा नापास झालेला, वडिलांना मात्र पास झाल्याचं कळवलेलं. घरी गेल्याचं सांगा, असं त्यानेच मित्रांना बजावलं होतं. मुदत संपलेली, म्हणून दवाखान्यातही गेला नव्हता. तिथे कागद मागतील, अशी भीती.

रिक्षात मी हळूच विचारलं, "आता याला पकडून देणार तुम्ही?"

"नोंद करणार. ते माझं काम आहे. पण आधी सलाईन."

महिनाभर तो सरकारी रुग्णालयात होता. इनामदारांच्या पत्नी रोज सकाळी मऊ भात पाठवत. त्याला हजर करण्याआधी दवाखान्यात नेलं, म्हणून साहेबांनी इनामदारांना सगळ्यांसमोर झापलं. त्यांनी ते निमूट ऐकून घेतलं. अहवालात मात्र एक अक्षर खोटं लिहिलं नाही. हसनला देश सोडण्याचा हुकूम झाला.

मला राग आला. "गप्प राहिलो असतो, तर ऑक्टोबरची परीक्षा दिली असती त्याने."

"ताई, लपून राहणाऱ्याला दुखणंही लपवावं लागतं," ते म्हणाले. "अजून आठ दिवस तो असाच पडला असता, तर कुणाची परीक्षा?" थोड्या वेळाने म्हणाले, "मलाही बरं वाटत नाहीये."

हसन निघाला त्या दुपारी आम्ही दोघं त्याला पोचवायला स्टेशनवर गेलो. मुंबईच्या टॅक्सीला वेळ होता. इनामदारांनी त्याला हाताला धरून फोनच्या बूथमध्ये नेलं. "बाप को बोल. यहीं से बोल के जा."

हसन अरबीत बोलू लागला आणि अडखळला. पलीकडून बराच वेळ आवाज येत राहिला. हसनने डोळे पुसले आणि रिसीव्हर इनामदारांपुढे धरला.

ते ताठ उभे राहिले. सलाम केला. मग नुसतं ऐकत राहिले. मधूनमधून "जी, जी" म्हणत. पुन्हा सलाम करून त्यांनी फोन ठेवला, रुमालाने चष्मा पुसला आणि हसनची बॅग स्वतः टॅक्सीत चढवली.

टॅक्सी दिसेनाशी झाल्यावर मी विचारलं, "काय म्हणाले वडील?"

"काय की. एक शब्द कळला नाही," इनामदार स्कूटरकडे वळत म्हणाले. "पण मुलाबद्दल बोलत होते. मध्येच कसं तोडायचं?"