दादाचं कुवेत

गोवा घटक राज्य झाला त्या सुमारास आमचा दादा कुवेतला होता. निदान पेडण्यात तरी आम्ही तसं सांगितलं होतं. प्रत्यक्षात तो पणजीकडच्या वेड्यांच्या इस्पितळात होता. तेव्हा त्याला तोच शब्द होता, आणि तो घरात उच्चारायचा नाही असं आईचं फर्मान होतं.

दादा पाळी गावातल्या खाणीवर ट्रक चालवायचा. एकदा भरलेला ट्रक रस्त्यात मधोमध सोडून तो घरी आला आणि भिंतीकडे तोंड करून निजला. जेवेना, बोलेना. आईनं देवळात कौल मागायला प्रसाद लावला, देवानं उजवा, म्हणजे होकार दिला, तेव्हा कुठे त्याला इस्पितळात नेता आलं. देवाला खरं सांगितलं, पण गावाला कोण सांगणार? माझं लग्न ठरायचं होतं. म्हणून आईनं कुवेत काढलं.

मी विहिरीवर, बसमध्ये, सगळीकडे बिनदिक्कत खोटं बोलायचे. लाज वाटत नव्हती, रडूही येत नव्हतं. अळणी पेज गिळावी तसे दिवस जात होते.

मग इस्पितळातून बोलावणं आलं. दादा बरा आहे, घेऊन जा. खाटेसाठी बाहेर माणसं थांबली आहेत. डॉक्टरनं बजावलं, "याला माणसांत मिसळू द्या, काम द्या. घरात कोंडून ठेवलंत तर परत इथंच आणावं लागेल."

आई आधी म्हापशाच्या बाजारात गेली. कुवेतहून माणूस रिकाम्या हातानं येतो होय? परदेशी साबणाच्या वड्या आणि अत्तराच्या कुप्या घेऊन आली. दादा सोप्यावर बसून त्या वाटत राहिला.

"कुवेत कसा आसा रे?" लोक विचारत.

"गरम," दादा म्हणे.

"आणि जेवाण?"

"वेळेवर."

साबण संपले तशी आईनं त्याला आत घेतलं. तोंडातून काही निसटेल या धाकानं त्याला दारापर्यंतही जाऊ देईना. हळूहळू तो पुन्हा भिंतीकडे तोंड करून निजू लागला. मला दिसत होतं. मी तांदूळ निवडत बसले.

एका दुपारी शेजारची काकी मागच्या दारानं आली. तिनं आमचा साबण, न उघडलेला, आईसमोर ठेवला.

"माजो झील खोलीतसून भायर येणा नाय," ती म्हणाली. "तुमी दादाक न्हेललास थंय तेका न्हेवक होयो. कंडक्टरान तुमका इस्पितळाच्या दारात उतरयल्यान, तेवापासून म्हायत आसा आमका."

आई तरीही म्हणाली, "कुवेताचो व्हिसा आता गावणा नाय."

आतून दादा उठून आला. किती दिवसांनी तो आपणहून उठला होता. "काकी, सकाळीच जावक होया. रांग आसता. मी येतंय तुमच्या वांगडा."

"आणि लोकांक काय सांगतलंस?" आईनं विचारलं.

"इस्पितळात जातंय म्हणान," दादा म्हणाला आणि चपला शोधू लागला, काकीच्या मुलाला भेटायला.

आईनं माझ्याकडे पाहिलं. माझ्या लग्नाचं काय, हे तिला तोंडानं विचारायची गरज नव्हती. मला वाईट वाटायला हवं होतं. मी खाटेखाली वाकून दादाच्या चपला काढून दिल्या.