गाठीची चव

संध्याकाळी गुढी उतरवली आणि तिच्या गळ्यातली साखरेची गाठी माझ्या हातात आली. तिचं एक पदक तोडून मी बायकोपुढे धरलं. गेल्याच महिन्यात तिच्या रक्तात साखर जास्त निघाली आहे. तिने पदक कपाळाला लावलं आणि माझ्याच तळहातावर परत ठेवलं.

"प्रसादाला नाही म्हणू नये. माझ्या वाटचा तुम्ही खा, आणि कसा लागतो ते सांगा."

सांगायला मला कधी आग्रह लागतो? डोळे मिटून मी पदक जिभेवर ठेवलं. ते चावावंही लागलं नाही. उसाच्या रसाचा हिरवा वास, गुळाचा धुरकटपणा, सगळे सोबती मागे सोडून साखर नावाची ही गोरीपान पाहुणी एकटीच पोटात उतरते आणि थेट रक्तात शिरते. मग इन्सुलिनची धावपळ! नाटकाच्या डोअरकीपरसारखं त्याने एकेका पेशीचं दार उघडून तिला आत बसवायचं. बायकोकडची दारं जरा जड झाली आहेत, म्हणून गर्दी बाहेर रक्तातच ताटकळते. माझी तरी किती दिवस उघडतील, कोण जाणे.

"अहो, झोपलात की काय? सांगा ना!"

तासभर बोलू शकणाऱ्या मला एकच शब्द सापडला. "गोड."

"आणि?"

"आणि काहीच नाही गं. नुसतं गोड."

ती गाठीकडे बघत राहिली.

"एवढंच? आणि मी महिनाभर हिच्यासाठी जीव टाकतेय!"